रेषामामा

सगळा दवाखाना त्यांना रेषामामा म्हणायचा. थायरॉइडच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन दिलं की रुग्णाच्या अंगातूनच काही दिवस किरणं बाहेर पडत असतात, म्हणून त्याला एकटं ठेवतात. त्या खोलीबाहेर जमिनीवर पिवळी रेषा, आणि रेषेवर पहाऱ्याला मामा. कुणी गलबलून पाऊल पुढे टाकलं की मामा खेकसायचे, "रेषा." नातेवाईक बोटं मोडायचे. मामा ढिम्म.

मग त्याच खोलीत मामी दाखल झाल्या. मामांनी रजा टाकली आणि प्रथमच नातेवाइकांच्या बाजूने उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याचं ताट दाराशी ठेवलेल्या स्टुलावर तसंच पडलेलं. घंटा वाजवली, उत्तर नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. सिस्टर "आलेच" म्हणून गाऊन, हातमोजे चढवायला पळाल्या.

मागे, पार जिन्याच्या दाराशी लेक उभी होती, दिवस भरत आलेली. इकडे फिरकू नकोस म्हणून मामांनी बजावलं होतं. पण हट्टात ती बापावरच गेलेली.

"बाबा, आत जा ना. बघत काय बसलात?"

"सिस्टर येतायत."

"तोवर आईला काही झालं तर? आईपेक्षा रेषा मोठी का तुमची?"

असलं बोलणं मामांनी आजवर किती जणांकडून ऐकलं होतं. आज ते वर्मी लागलं. आत जावं तर ही मागोमाग येणार, पोटातल्या जिवासकट. न जावं तर आत काय चाललंय देव जाणे. इकडे आड तिकडे विहीर असं लोक सहज म्हणतात. मामांना दोन्हींचे तळ दिसत होते.

त्यांनी पाऊल टाकलं. रेषेपलीकडे. मागून चपलांचा आवाज भराभर जवळ आला.

"रेषा."

आवाज आतून आला होता. गळ्याच्या ऑपरेशनने घोगरा झालेला, झोपेने जड, पण ठसका थेट मामांचा. आयोडीनसाठी थायरॉइडच्या नेहमीच्या गोळ्या बंद ठेवल्याने मामींना ग्लानी आली होती. आता भिंतीला धरून त्या दाराआड उभ्या होत्या.

"मेला जरा डोळा लागला तर गाव गोळा केलंत. पोरीला मागे घ्या आधी."

मामा मागे सरले. लेकीला आडव्या हाताने मागे ढकलत त्यांनी जिन्यापर्यंत नेलं. मग परत येऊन, मामी ताट उचलून आत जाईपर्यंत, ते रेषेच्या अलीकडे उभे राहून सगळ्यांदेखत रडले.