सीलबंद कार्ड

गोदामात त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणायचे, आणि निम्मे लोक चेष्टेनं म्हणायचे हे त्यांनाही ठाऊक होतं. औषधांच्या गोदामात उभी हयात गेली. ट्रक लागला की दाराशी उभं राहायचं, पेट्या मोजायच्या, लेबलं वाचायची, सील शाबूत आहे का बघायचं आणि माल आत घ्यायचा. पेटी उघडायची नाही. सीलबंद पेटी उघडून बघणं म्हणजे पाठवणाऱ्यावर चोरीचा आळ घेणं, असं त्यांचं ठाम मत. दुसरा नियम असा, की एकच माल दोन ठिकाणी ठेवायचा नाही, घोळ होतो. या दोन नियमांवर माणसानं नोकरी निभावली. निवृत्त झाले, पण सवय सुटते कुठली! घरात चमचे मोजायचे, वाळत घातलेले मोजे मोजायचे. मुलगी हसून हसून बेजार व्हायची.

त्याच मुलीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, आवाज मात्र कायमचा जाईल. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती लेकीला घेऊन वडिलांकडेच राहत होती. ठकू, म्हणजे तिची लेक, अजून बोट ठेवून अक्षरं जुळवत वाचायची. तिला चिठ्ठी लिहून काय कळणार? आई बोलायची थांबली की त्या पोरीशी कुणी बोलायचं, हा विचार मुलीला गाठीपेक्षा जास्त पोखरत होता.

तिनं वाट काढली. ठकूकडे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता, कॅमेरा आणि माइक असलेला. जेवताना तो मांडीवर, झोपताना उशाखाली. आई रोज दुपारी खिडकीशी बसायची आणि त्या गेमवर स्वतःला रेकॉर्ड करायची. ताप आला तर काय करायचं, शाळेत कुणी चिडवलं तर काय म्हणायचं. एक अंगाई. नुसत्या हाका, रागाच्या, लाडाच्या, जेवायला बोलावण्याच्या. फोनवर का नाही करत, असं मोजणीसाहेबांनी विचारलं, तेव्हा म्हणाली की फोन माझा आहे, हे तिचं आहे.

अगदी पहिल्यांदा गेम मोजणीसाहेबांनीच धरला होता. कॅमेऱ्यावर त्यांचं बोट येत होतं म्हणून मुलगी ओरडली, मग हसली आणि तसंच रेकॉर्डिंग चालू असताना म्हणाली, "बाबा, जरा उघडून बघा ना, नीट आलंय का." त्यांनी यादीत नाव उमटलेलं पाहिलं आणि आलंय म्हणून सांगून टाकलं. उघडलं नाहीच. ठकूला मात्र आईनं ताकीद देऊन ठेवली होती, की ऑपरेशन होईपर्यंत यातलं काही लावायचं नाही. मुलीला स्वतःलाही ते बघवत नव्हतं.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि नेमकं गेममधलं मेमरी कार्ड भरलं. जागा नाही, असा फलक पडद्यावर येऊ लागला. अजून पुष्कळ बोलायचं बाकी होतं. मुलगी तपासण्यांत अडकलेली, म्हणून कार्ड आणायचं काम मोजणीसाहेबांनी अंगावर घेतलं.

गल्लीच्या तोंडाशी मोबाइल-दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदारीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि छोटी दोन कार्डं पुढे ठेवली. रेकॉर्डिंग दोन्हीकडे ठेवा, म्हणाल्या, एक बिघडलं तर दुसरं असतं. झालं! एकच माल दोन ठिकाणी? मोजणीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना एकच हवं होतं, मोठं, सगळं मावेल असं. तेवढं मोठं माझ्याकडे नाही, बाहेर मिळेल, पण खोटी फार येतात, बाई म्हणाल्या. आकडा मोठा दाखवतात आणि आत जागा टिचभर, पहिलं मावेल तेवढंच राहतं, बाकीची नुसती नावं. घेतलंच तर आधी काठोकाठ भरून, एकेक उघडून बघा, मगच जुन्याला हात लावा.

मोजणीसाहेबांना ते झोंबलं. आयुष्यभर माल पारखला, आणि आता ही बाई शहाणपण शिकवणार! ते बाहेर पडले आणि बसथांब्याजवळ टेबल मांडून बसलेल्या विक्रेत्याकडे गेले. त्याच्याकडे हवं तेवढं मोठं कार्ड होतं. त्यांनी पाकीट उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. लेबल सरळ, छपाई स्वच्छ, सील शाबूत. असा माल त्यांनी गोदामात कधी परत पाठवला नव्हता.

घरी येऊन त्यांनी मुलीच्या लॅपटॉपवर जुन्या कार्डातलं सगळं नव्यात उतरवलं. मग यादी मोजली, नावं ताडून पाहिली. एकही कमी नव्हतं. जुनं कार्ड त्यांनी पुसून कोरं केलं. वापरातली वस्तू पडून राहिलेली त्यांना सोसत नसे, म्हणून संध्याकाळी ते शेजाऱ्याला कॅमेऱ्यासाठी देऊनही टाकलं. काय म्हणावं या माणसाला! इतकं चोख काम केल्याचं समाधान घेऊन ते चहा प्यायले.

मुलगी पुन्हा खिडकीशी बसू लागली. आवाज आता खरखरायचा, मधेच तुटायचा, घोट घोट पाणी पिऊन ती पुढे बोलायची. एका सकाळी ठकू आजोबांच्या कानाशी आली. तिनं गुपचूप एक लावून पाहिलं होतं. "आजोबा, आई राखाडी झालीये. बोलतच नाही," ती म्हणाली. मोजणीसाहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी यादी उघडली, मोजली. आकडा बरोबर. मशीन तापलं असेल, आणि तुला लावायचं नाही म्हणून सांगितलंय ना, असं दटावून त्यांनी तिला खेळायला पिटाळलं.

पण शंका काही गेली नाही. त्या दुपारी गेम खिशात घालून ते दुरुस्तीच्या दुकानापर्यंत गेले. बाई काउंटरवर मान खाली घालून काहीतरी जोडत होत्या, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. विचारलं असतं तर मिनिटभरात कळलं असतं. पण कळलं असतं तर मुलीला जाऊन सांगावं लागलं असतं, की तुझा फुटत चाललेला आवाज पुन्हा पहिल्यापासून खर्च कर, कारण तुझ्या बापानं सील बघून माल घेतला. ते पायरीवरूनच वळले. भीती वाटत होती त्यांना, सरळसरळ भीती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत मुलगी पलंगावर पाय सोडून बसली होती. खिडकीचा पडदा ओढलेला, हातावर नावाची पट्टी. तिनं वडिलांना जवळ बोलावलं.

"बाबा, सगळं नीट आहे ना त्यात? काही राहिलं असेल तर आज बोलता येईल."

गेम त्यांच्या मांडीवरच होता. बटण अंगठ्याखाली होतं. त्यांनी यादी वर नेली, खाली आणली.

"मोजलंय," ते म्हणाले. "एकही कमी नाही."

ती निश्चिंत झाली. मग ठकूला कुशीत घेऊन उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिली, शेजारणीच्या मांजराबद्दल, वेणीबद्दल. रेकॉर्ड करायचं आता तिच्या डोक्यातच नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर हसतमुखानं सांगून गेले. काही दिवसांनी ठकूला आत सोडलं, तेव्हा आईच्या गळ्याला पट्ट्या होत्या आणि मधे एक नळी. पोर दारातच थबकली. आईनं हात पुढे केला, ओठ हलवले, नुसती हवा फुसफुसली. ठकूचा चेहरा रडवेला झाला. तेव्हा आईनं गेमकडे बोट दाखवलं. आता लाव.

ठकूनं अंगाई लावली. राखाडी. तापाचं लावलं, राखाडी. हाका लावल्या, एकामागून एक, सगळ्या राखाडी आणि मुक्या. मुलीनं गेम स्वतःच्या हातात घेतला आणि भराभर बटणं दाबत गेली. मग तिनं मान वर करून वडिलांकडे पाहिलं. मोजणीसाहेब भिंतीला टेकले. बोलता येत असून गप्प राहिल्याची लाज वाटून त्यांनी मान खाली घातली.

ठकूनं गेम परत घेतला. ती यादीत वर वर जात अगदी पहिल्यापाशी पोचली. ते मात्र लागलं. आधी एक मोठं धूसर बोट दिसलं, मग ते बाजूला सरकून आईचा चेहरा आला, हसरा, खिडकीच्या उजेडातला. खोलीत तिचा जुना आवाज घुमला.

"बाबा, जरा उघडून बघा ना, नीट आलंय का."

ठकूला हसू फुटलं. आई बोलली होती. तिनं पुन्हा लावलं, आणि मग पुन्हा.