टीव्हीवरची कडक भाकरी

१९७६, पौषातला एक सोमवार. सकाळची धुणीभांडी उरकून मी उखळात शेंगाची चटणी कुटायला बसले होते. शेजारीण लेकीचं बाळंतपण करून पुण्याहून आदल्याच दिवशी परतली होती. तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "वैनी, तुमची जाऊ टीव्हीत आली होती की."

मी मुसळ थांबवलं नाही. "कुठली जाऊ?"

"आता किती जावा हायत तुम्हाला? धाकटी. ठाण्याची."

सोलापूरला तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. पुण्यात दिसायचा, म्हणजे ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे, आणि मग सगळा वाडा त्यांच्या खोलीत जाऊन बसायचा. शेजारणीच्या लेकीच्या मालकीणबाईंकडे होता. तिथं बायकांसाठी घरगुती स्वयंपाकाची स्पर्धा दाखवली. चार बायका, चार शेगड्या, समोर परीक्षक. त्यातली एक आमची धाकटी, आणि तिनं केली होती कडक भाकरी.

धाकटी आणि मी अकरा वर्षं एका चुलीवर राबलो. मग सासरे गेले. दुकानात धान्यच ठेवायचं की कापडही, यावरून भावाभावांत बिनसलं. धाकटे दीर ठाण्याला एका कारखान्याच्या हापिसात लागले आणि येणंजाणं बंद झालं. आमचं दोघींचं काही भांडण नव्हतं. पण भाऊ बोलत नाहीत तर बायकांनी बोलायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरून गेलं. चार वर्षं झाली होती.

"कशी दिसत होती?" मी विचारलं.

"काळीपांढरी," शेजारीण म्हणाली. "टीव्हीत सगळेच काळेपांढरे दिसतात."

"तब्येतीनं म्हणते मी."

"बरी होती. थोडी वाळलेली. नाहीतर टीव्हीत तशी दिसत असंल."

एवढ्यात समोरची आली, मागून कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई आल्या. बातमी गल्लीत आधीच फिरली होती. चटणी राहिली बाजूला. तिघी पाटांवर बसल्या आणि शेजारणीनं मालकीणबाईंच्या खोलीत कोण काय म्हणालं ते एकेक सांगायला घेतलं. मालकीणबाई म्हणे, "ही भाकरी आहे का पापड?" त्यांचे यजमान म्हणे, "शिळी असेल, गरम करून आणली असेल." त्यांच्या सुनेला पदर आवडला नाही. कुणी म्हणालं, गावाकडची बाई आहे, हिला कशाला बोलावलं.

"ही भाकरी कडकच असते," मी म्हटलं. "आठ दिवस टिकते. मोडली की आवाज यायला पाहिजे."

"ते तुम्हाला ठाऊक. आमच्या घरात भात," शेजारीण म्हणाली. तिचं घर विणकरांचं, घरात बोलणं तेलुगू. "परीक्षक बाईनं तुकडा मोडला, खाल्ला. म्हणाली, चव छान आहे, पण एकसारखी नाही. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ."

समोरची म्हणाली, "मला वाटलंच होतं. ती पहिल्यापासून धांदरट."

"तू बघितलीस का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे? समोरच्याच घरात तर राहत होती."

"मग पुण्याच्या लोकांनी तरी निदान बघून नावं ठेवली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"खरी गंमत पुढं," शेजारीण म्हणाली आणि उठून उभी राहिली. माझ्या शेगडीपुढं जाऊन तिनं पदर खोचला, मान खाली घालून तव्याकडं बघितलं आणि डावा हात बाजूला लांब केला. तळवा वर. तसाच धरून ठेवला. "अशी. काय मागत होती देव जाणे. बाजूला कोणीच नाही. मग दचकून हात मागं घेतला. आणि परत थोड्या वेळानं तेच. आम्ही एवढं हसलो की. मालकीणबाई म्हणाल्या, बाई घाबरली. परीक्षक पण म्हणाली, जरा गोंधळलात तुम्ही."

समोरची हसली. मास्तरीणबाईसुद्धा हसल्या.

मी म्हटलं, "परत करून दाखव."

"काय?"

"हात. कोणता, किती लांब."

तिनं परत केलं. डावाच. कोपरातून थोडा वाकलेला.

कडक भाकरी आमच्याकडे दोघींनी करायची असते. एकटीनं होत नाही असं नाही, पण कागदासारखी पातळ थापायची, आणि मग तव्यावर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत शेकायची. थापणारी थापण्यात गुंतली की तव्यावरची करपते. आमच्या घरात मी थापायची, धाकटी शेकायची. मी तिच्या डावीकडे बसायची. तिची नजर तव्यावरून हलायची नाही. हात तेवढा माझ्याकडे यायचा आणि मी थापलेली भाकरी त्यावर सोडायची. आम्ही तेव्हा बोलतही नसू. सणाच्या आधी एवढ्या भाकऱ्या करायच्या असत, बोलायला वेळ कुणाला. थापायला ती कधी शिकलीच नाही, कारण मी होते.

ठाण्याला तिघांच्या घरात ती पोळ्याच करत असणार. स्पर्धेसाठी इतक्या वर्षांनी कडक भाकरी काढली असेल. दिवे, माणसं, घाई, आणि हात आपला जुन्या जागी गेला.

हे मी त्या तिघींना सांगितलं नाही. सांगून काय करणार. मी म्हटलं, "बक्षीस कुणाला मिळालं?"

"श्रीखंडाच्या वड्या केल्या त्या बाईला," शेजारीण म्हणाली. "वड्या काय, कुणीपण करतं."

त्या गेल्यावर मी चटणी पुरी केली. लसूण घालायचा राहिला, तो नंतर वेगळा ठेचून मिसळला. दुपारभर कामाला काही खोट नव्हती, पण मला सारखं वाटत होतं की एकदा तो टीव्ही बघायला पाहिजे होता. स्पर्धा नको, परीक्षक नको. तेवढा हात.

संध्याकाळी हे दुकानातून आले. जेवायला बसल्यावर म्हणाले, "पेठेत काहीतरी बोलत होते."

"काय?"

"टीव्हीवर घाबरली म्हणे."

"घाबरली नाही," मी म्हटलं. "भाकरी मागत होती. मी थापतेय असं वाटून."

ह्यांनी आमटी भुरकली. मग म्हणाले, "जाड झाली म्हणतात भाकरी."

"होणारच."

"शेकायला चांगली होती ती," हे म्हणाले. चार वर्षांत आमच्या घरात तिचं नाव निघालं ते असं. मी ताटात आणखी भात वाढला. नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, ह्यांचा डबा केला, संध्याकाळच्या जेवणाचं शेजारणीला सांगून आले. दोन लुगडी पिशवीत घातली. हे चपला घालत होते तेव्हा म्हटलं, "मी ठाण्याला जातेय."

"किती दिवस?"

"बघते."

ह्यांनी एक चप्पल घातली, दुसरीचा अंगठा नीट केला. खाली बघतच म्हणाले, "स्टेशनच्या पश्चिमेला उतर. शाळेच्या मागं तिसरी चाळ, वरचा मजला. विचारत फिरू नकोस."

त्यांना कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही. कुलपाची किल्ली त्यांच्या हातात दिली, टांग्यानं स्टेशनवर गेले आणि मुंबईकडच्या गाडीचं एक तिकीट काढलं.