विंचूरवालीच्या जागी

१९८४, जानेवारीतला शनिवार, शाळा सुटल्यावर. हजर: संस्थेचे चिटणीस, मुख्याध्यापक, मराठीचे सर (रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे संपादक), चित्रकलेचे सर. खोलीत आणखी दोघं होतो. चहा देणारा शिपाई, आणि इतिवृत्त लिहिणारी मी, शाळेची क्लार्क. आम्हाला हजर धरत नसत.

टेबलावर एक मोठा फोटो होता. शाळेच्या वरच्या मजल्याचं काम चालू असताना पाहुणे बघायला आले, तेव्हाचा. संपादकांनी त्यावर फूटपट्टी ठेवली आणि पेन्सिलीने आडवी रेघ मारली. रेघेच्या खाली खुर्च्या, हार, फेटे. रेघेच्या वर, अर्धवट भिंतीपाशी, डोक्यावर घमेली घेतलेल्या चार बायका. पाहुण्यांची वाट अडू नये म्हणून त्यांना जिथल्या तिथे थांबवलं होतं. घमेली उतरवा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"हे वरचं कापून टाका," संपादक म्हणाले. "मजुरणी आहेत."

डावीकडून दुसरी माझी आई.

मी तसं सांगितलं. आवाज चढवला नाही. माहिती द्यावी तसं सांगितलं. चिटणीस खुर्चीत मागे रेलले.

"मग काय बाई, आईसाहेबांना खुर्ची टाकायला हवी होती का आम्ही?"

सगळे हसले. शिपाईही हसला. त्याला हसावंच लागतं. मी मान खाली घातली आणि पुढचा विषय लिहायला घेतला. जाहिरातींचा. अक्षर नेहमीसारखंच आलं. मला आजही त्याचीच चीड येते.

सोमवारपर्यंत फोटो मागून घेतला आणि घरी आणला.

आईने तो कधी पाहिलाच नव्हता. तिने आधी बोटं पदराला पुसली. खोकला आवरला. बहात्तरच्या दुष्काळात ती या शाळेवर सिमेंट वाहायची, तेव्हा मी कॉलेजात होते. मला तिकडे फिरकू द्यायची नाही. म्हणायची, आलीस तर तुझ्याबी डोक्यावर घमेलं देतील. त्या कामाबद्दल ती नंतर कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही. घरात विचारण्यासारख्या पुष्कळ गोष्टी होत्या, रॉकेल, रेशन, फी. ही त्यांत बसली नाही.

"ही मी," ती म्हणाली. बराच वेळ बघत राहिली. "पुस्तकात येनार का?"

मी म्हटलं, बघते.

मग तिने बाकीच्या दाखवल्या. ही मनमाडवाली. ही चांदवडवाली. कडेची विंचूरवाली. मी नावं विचारली. नावं नव्हती. म्हणजे असतील, पण कामावर मुकादम गावावरून हाक मारायचा आणि बायकाही एकमेकींना तसंच म्हणायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि आपलं कोणी विचारत नाही. मी विचारलं, मग तुला काय म्हणायचा?

"मला जयभीम म्हनायचा. ए जयभीम, घमेलं उचल. शब्द आपलाच. पन त्याच्या तोंडात शिवी व्हायचा."

तिचा पाण्याचा डेराही वेगळा होता, ते तिने सहज सांगितलं, जसं कोणी सांगेल की विहीर मागच्या बाजूला होती.

मग कडेच्या बाईवर बोट ठेवून म्हणाली, "ही पडली."

परांचीची फळी निसटली. विंचूरवाली घमेल्यासकट खाली आली. विटांच्या ट्रकमध्ये घालून तिला नेलं. परत कोणी काही सांगितलं नाही. मुकादम म्हणाला, दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, संपली. त्याच आठवड्यात स्लॅब ओतून झाला. ठेकेदाराने सगळ्यांना गूळ वाटला.

"आमीबी खाल्ला," आई म्हणाली.

ती पडली ती सातवी 'अ'च्या वर्गाची बाजू. मी रोज त्या व्हरांड्यातून जायचे.

मी कामाची माणूस आहे. रडत बसले नाही. फोटो परत करण्याआधी स्टुडिओत त्याची एक प्रत काढून घेतली आणि पुढच्या रविवारी विंचूरची एसटी धरली. ठरवलं होतं ते एवढंच: बाईचं नाव आणायचं, घरच्यांना भेटायचं, एक पान लिहायचं. स्मरणिकेत आईही येईल आणि हीसुद्धा.

विंचूरला बाजाराच्या मागे कांदा निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या. मी विचारलं, दुष्काळात नाशिकला शाळेच्या बांधकामावर कोण गेलं होतं, आणि परत आलं नाही? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, गेलेली तर आमची सखूबाई, पण ती ही काय, तुमच्या पुढ्यात.

सखूबाई हसायला लागली. "मीच की विंचूरवाली. तुमी मला मारायला आलात व्हय?"

मी फोटो दाखवला. ती हसत हसतच वाकली.

"ही मी नाय."

मग तिने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हसू गेलं. बाईचा चेहरा तिने ओळखला नव्हता. घमेल्याखालची चुंबळ ओळखली होती. चौकड्याच्या काठाची, तिच्या लग्नातल्या लुगड्याची.

हळूहळू तिने सांगितलं. सातवा महिना लागला तशी ती गावी परतली. त्यांची रीत अशी की जायचं तर आपल्या जागी दुसरी उभी करून जायचं. नाहीतर मुकादम परत आल्यावर घेत नसे. नाक्यावर पेठ तालुक्याकडची एक आदिवासी बाई काम मागत बसलेली असायची. तिला सखूबाईने आणलं, घमेलं दिलं, चुंबळ दिली. मुकादमाने वर मान करूनही पाहिलं नाही. जागा विंचूरवालीची, म्हणून उभी राहील ती विंचूरवाली. तीही त्या हाकेला ओ द्यायला लागली. आई त्यानंतर कामावर आली असणार, तिला हीच विंचूरवाली.

"नाव काय होतं तिचं?"

"लय कमी बोलायची. तिची बोली आमाला कळायची नाय. मी तिला बाय म्हनायची."

नंतर सखूबाई परत कामाला गेलीच नाही. बाई पडली हे तिला ठाऊकच नव्हतं. कांद्याची टरफलं तिच्या मांडीवर पडली होती, ती झटकायचं विसरून ती बसून राहिली.

"मंजी माझ्या नावानं मेली ती," ती म्हणाली.

शेवटची गाडी होती. मी निघाले.

तरीही पान लिहिलं. आईने सांगितलं तसं, सखूबाईने सांगितलं तसं. नाव माहीत नाही, हेही लिहिलं. पुढच्या बैठकीत वाचलं. हजर तेच.

संपादक म्हणाले, भाषा चांगली आहे, पण नाव नाही, गाव नाही, छापायचं कशाच्या आधारावर? मुख्याध्यापक म्हणाले, पालक काय म्हणतील, ज्या इमारतीत मुलं बसतात तिथे. चिटणिसांनी बाकीच्यांना बोलू दिलं आणि मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्यातल्याच आहात. आईंचा एकटीचा फोटो काढून घेऊ. खाली छापू, आमच्या लिपिक भगिनींच्या मातोश्री. शाळेसाठी श्रमलेल्या. शोभून दिसेल. ते दुसरं मात्र सोडून द्या."

मला घरातलं ते बोट दिसलं, पदराला पुसलेलं. पुस्तकात येनार का.

आईचा खोकला वाढला होता. डॉक्टरांनी फुप्फुसात काय आहे ते सांगितलं होतं. पुढच्या वर्षी ती असेल का, हे मला माहीत नव्हतं. हो म्हणायला काय हरकत होती? एक शब्द. पण मला पेन्सिलीची ती रेघ दिसत होती. ते आईला रेघेच्या खाली घेणार होते. हार नव्हे, पण खुर्ची देणार होते. आणि रेघ तिथेच राहणार होती, कडेच्या बाईच्या पायांखालून.

मी म्हटलं, "नको. छापायच्या तर चौघी छापा."

"मग एकही नाही," चिटणीस म्हणाले.

मी इतिवृत्तात लिहिलं: 'शाळेची इमारत बांधणाऱ्या चार मजूर स्त्रियांना फोटोतून कापण्याचे व त्यांपैकी एकीच्या कामावरील मृत्यूचा उल्लेख न करण्याचे ठरले.' चिटणिसांनी सही करण्याआधी वाचलं. बदला म्हणाले. मी म्हटलं, जे ठरलं तेच लिहिलंय. ते हसले नाहीत. त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. जूनमध्ये माझी बदली संस्थेच्या मनमाडच्या शाळेत झाली.

विजय वगैरे काही नव्हता. त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती पाठीवर हात ठेवेल. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, तशीच राहिली.

"मला एकदा इचारायचं तरी," ती म्हणाली.

दिवाळीनंतर ती गेली. स्मरणिका त्याआधीच निघाली होती. गुळगुळीत कागद, खुर्च्या, फेटे. वरच्या कडेला, नीट पाहिलं तर, एका लुगड्याचा खालचा काठ राहून गेला आहे. कापणाऱ्याच्या नजरेतून सुटला. लुगडं आईचं की दुसरीचं, ते ओळखता येत नाही.

त्यानंतर सुट्ट्या मिळतील तशी मी पेठच्या बाजूला जात राहिले. मनमाडहून नाशिक, नाशिकहून पेठ, पुढे पायी. पाड्यावर गेलं की आधी कोणी बोलत नाही. सरकारी बाई वाटते. मी फोटो काढते आणि विचारते, दुष्काळात नाशिकला कामाला गेलेली, परत न आलेली बाई. मला वाटायचं, एखादं घर उठून उभं राहील आणि म्हणेल, आमची. मी फार सोपं समजले होते. एका पाड्यावर म्हातारा फोटोकडे न बघताच म्हणाला, "कोनची पाहिजे तुला? गेलेल्या मोजाया बसलो तर सांज व्हईल."

त्याने सांगायला सुरुवात केली आणि खरंच सांज झाली. कोणाची सून, कोणाची बहीण. कोणी रस्त्याच्या कामावर, कोणी द्राक्षबागेत, कोणी कुठे ते ठाऊक नाही. कोणाचाही फोटो नाही. मी एकीला शोधत गेले आणि प्रत्येक घराने दुसरीच माझ्या हातात दिली. परतताना एसटीत मला पहिल्यांदा भीती वाटली. हे माझ्याच्याने होणार नाही, एका माणसाच्या आयुष्यात होणार नाही, हे मला तिथे कळलं.

तरीही प्रत्येकीचं एका वहीत लिहून घेते. नाव, पाडा, कोणत्या कामाला गेली, घरचे काय म्हणतात. ज्यांना नाव सांगता येतं, त्यांचं नावाने. मुकादमाची हाक मी लिहीत नाही.

वहीचं पहिलं पान मात्र अपुरं आहे. त्यावर तो फोटो चिकटवला आहे, न कापलेला. तीन बायकांखाली नावं आहेत. आईचं आहे. मनमाडवालीचं आणि चांदवडवालीचं नाव हिंडून, विचारून मिळवलं. कडेच्या बाईखाली 'विंचूरवाली' लिहिलं असतं तर पान पूर्ण झालं असतं. चिटणिसांनी तेवढं मान्यही केलं असतं.

मी ते लिहिणार नाही. पेठची बाजू अजून संपलेली नाही. हरसूलकडचे पाडे राहिलेत.