आकडा पुढंच पळायचा

पातं खाली आलं तेव्हा माझ्या उजव्या हाताची दोन बोटं त्याखाली होती. पत्रा तिरका शिरला म्हणून मी तो वीतभर मागं ओढला होता. यंत्रानं तेही पुढं गेल्यात धरलं आणि लांबी पुरी झाली समजून पातं सोडलं... यंत्राला काय बोलायचं? ते माझ्या दिरानं, सुधाकरनं, बनवलं होतं. महिन्यापूर्वी तो हृदयविकारानं गेला. शोकसभेत सगळे त्याला कल्पक म्हणाले. मी ऐकून घेतलं.

नव्वदच्या दशकात अंबडला आमचा पत्रा कापायचा छोटा कारखाना होता. पत्र्याबरोबर मोजणीचं चाक फिरायचं आणि त्यातून दोन तारांवर ठोके यायचे, एकीवर जरा आधी, दुसरीवर जरा मागून. आधी कुठली, त्यावरून पत्रा पुढं चाललाय की मागं हे कळतं. सुधाकरनं दोन्ही तारा एका चिपमध्ये घातल्या. दोन्ही सारख्या असल्या की शून्य, वेगळ्या असल्या की एक. मोजणी दुप्पट बारीक झाली म्हणून त्यानं पेढे वाटले. पण दोन तारांची एक झाली तिथंच दिशा मेली. दिवसभर आकड्यासमोर मी उभी, म्हणून ते मला आधी दिसलं.

"भावजी, पत्रा मागं ओढला तरी तुमचा आकडा पुढंच पळतोय."

"वहिनी, तुम्ही चौथी पास. पत्रा लावा, मोजायचं मी बघतो."

"बघा. हात माझा आत असतो."

"मग सरळ लावा ना! मागं ओढायचाच कशाला?"

दवाखान्यात शहाळं घेऊन आला, तिथंही हेच... ओढलाच कशाला? मी कामावर परतले तेव्हा यंत्राच्या बोर्डावर त्या चिपशेजारी आणखी एक चिप बसली होती. पत्रा मागं ओढून पाहिला, आकडा मागं आला. सुधाकर खिडकीबाहेर बघत होता. 'चूक झाली' एवढं म्हणायला त्या हुशार माणसाची जीभ मरेपर्यंत वळली नाही.

परवा त्याच्या कपाटात तो जुना, दोन चिपांचा बोर्ड सापडला, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. म्हणजे कळत होतं मेल्याला... इतकी वर्षं कळत होतं.

"काकू, टाकून देऊ?" पुतण्यानं विचारलं.

"राहू दे. इकडं आण."

डाव्या हातानं घेतला. माझ्या खिडकीत ठेवलाय. लोक येतात, त्याच्या डोक्याचं कौतुक करतात. तो यंत्रापासून चार हात लांब उभा होता. पात्याखाली मी होते.