तीन गावांची पुस्तकं

वाचनालयात धूळ आणि किस्से, दोन्ही न मागता साठतात. धूळ आम्ही झाडतो! कसबा बावड्याच्या वाचनालयात मी पंचवीस वर्षं काढली, आणि माझे निम्मे किस्से दोघांचेच : नेसरीच्या ग्रंथपाल सुमनताई कांबळे आणि शिरोळचे ग्रंथपाल अण्णा. नव्वदच्या दशकात आम्ही तिघांनी ठरवलं, एकाकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्यानं पाठवायचं. जीआर नाही, मीटिंग नाही. पोस्टकार्ड टाकायचं, पुस्तक एसटीनं यायचं!

*

पहिलं पुस्तक नेसरीहून निघालं, शेळीपालनाचं. मी स्टँडवर हजर, पण कंडक्टर पुस्तक सोडेना!

"पावणं, गडहिंग्लजपासनं वाचतोय. आजाराचं प्रकरण ऱ्हायलंय, आन् माझी शेळी परवापासनं खात न्हाई. उद्याच्या फेरीला देतो की!"

दुसऱ्या दिवशी पुस्तक आलं. मी विचारलं, "शेळी?"

"उठली की! आता कोंबड्यांचं हाय का एखादं?"

*

आमच्याकडची एक मुलगी नर्सिंगची परीक्षा देत होती. ऐन वेळी पुस्तकातली हृदयाची आठ पानं गायब! दुसरी प्रत शिरोळला, तीही तिथल्या एका विद्यार्थिनीला लागणारी. शिरोळला लाइट नाही, म्हणजे झेरॉक्सही नाही.

अण्णांनी आठही पानं हातानं लिहून पाठवली. आकृतीसुद्धा, लाल-निळ्या शाईत!

पोरगी पास झाली. मी फोनवर म्हटलं, "अण्णा, तुम्ही डॉक्टरच व्हायचं!"

"न्हाय हो. पर रक्त कुठनं कुठं जातंय, ते मला बी आत्ताच कळलं!"

*

पुढं कॉम्प्युटर आला. तिन्ही वाचनालयांची एकच यादी करायची, म्हणून पुण्याहून ट्रेनर आला. आम्हा तिघांना बावड्यात बसवून म्हणाला, "कुठलंही पुस्तक सांगा, दोन सेकंदांत शोधतो."

अण्णांनी ऊसलागवडीच्या एका पुस्तकाचं नाव सांगितलं, आणि लाइट गेली!

अंधारातून सुमनताई म्हणाल्या, "शिरोळचं हाय. तिसरं कपाट, खालची फळी. पर आत्ता हितंच हाय. ह्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली!"

मी गुपचूप कप उचलला. ट्रेनरनं कॉम्प्युटरचं बटण दोनदा दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचा बॅकअप कुठं असतो?"

*

महापुराच्या वर्षी पाणी ओसरल्यावर सुमनताई आणि मी दुधाच्या टेम्पोतून शिरोळला गेलो. वाचनालयात घोटाभर चिखल. पुस्तकं फुगून कपाटांत अडकलेली, पहारीशिवाय निघेनात.

अण्णांनी माळ्यावरून दोन पोती खाली घेतली. आत कोरडी ठणठणीत पुस्तकं!

"तुमची दोघांची हायती," अण्णा म्हणाले. "पाणी चढाय लागलं तवा एवढीच उचलता आली."

"आणि तुमची?" मी विचारलं.

"आपली भिजली तर आपुन रडू. मागून आणलेली भिजली तर तोंड कुठं दावायचं?" त्यांनी रजिस्टर पुढं केलं. "ताई, बघून घ्या, आन् जमा लिवा."

सुमनताईंनी पोत्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदरानं डोळे टिपले, पेन घेतलं, आणि परतीच्या तारखेच्या रकान्यात लिहिलं, 'शिरोळकरांचं वाचून झाल्यावर.'

अण्णांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

खालच्या ओळी माझ्या पुस्तकांच्या होत्या. मी ताईंकडून पेन मागून घेतलं.