निम्मं धरा

माझ्या वेलाला एकदा एवढा भोपळा लागला, की गर काढल्यावर त्यात आमची शेळी व्याली, चांगली दोन करडं. तिसगावच्या पारावर हे सांगितलं तेव्हा लोक तर हसलेच, डोक्यावरच्या कडुलिंबानंसुद्धा हसून हसून पाला गाळला. फक्त माझा थोरला भाऊ, दादा, तेवढा गंभीर होता. तो म्हणाला, "निम्मं धरा. एकच करडू हुतं."

आयुष्यभर हेच. मी बिबट्या बैलाएवढा करायचा, दादानं त्याचं निम्मं, त्याचंही निम्मं करत अंगणात मांजर बसवायचं.

मग त्याच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. नगरला ऑपरेशन होऊन ती काढली. पारावर मी ती कलिंगडाएवढी सांगितली. टाके ओले असतानाही दादा म्हणालाच, "निम्मं धरा."

डॉक्टरांनी समजावलं होतं: रक्तात एक मार्कर असतो, तो अधूनमधून तपासायचा. आकडा खाली येऊन खालीच राहिला तर चांगलं. चढत गेला तर गाठ परत आल्याची धास्ती. दादानं एवढंच पक्कं धरलं, जगायचं तर आकडा बारीक पाहिजे. आणि प्रत्येक खेपेला तो बारीकच आला.

गेल्या उन्हाळ्यात रक्त देऊन परतताना करंजी घाटाच्या अलीकडं चहाला थांबलो, तिथं मोबाईलवर रिपोर्ट आला. दादाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो बशीत चहा ओतत माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"किती?"

सहाशेच्या पुढं होता.

"सहा," मी म्हणालो.

"नुसता सहा?"

"व्हय. आईच्यान."

त्यानं बशी खाली ठेवली. "आरं, जन्मभर सशाचा घोडा केलास तू. कमी सांगायला कवा शिकलास?"

मी मोबाईल बाकड्यावर उपडा ठेवला. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. भोपळ्याचं सांग."

सांगू लागलो. आवाज फाटत होता, म्हणून भोपळाच वाढवत नेला, घराएवढा, देवळाएवढा. शेवटी सगळं तिसगाव त्यात राहायला गेलं आणि तिथं कुणीच आजारी पडेना.

चहावाला ग्लास विसळायचा थांबला. "खरं का काय, बाबा?" त्यानं दादाला विचारलं.

"खरं हाय," दादा म्हणाला. "सगळं धरा."