पहिली मूठ गाईची

मंडळी, आज सकाळी आमची लक्ष्मी गाय गेली. लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्या.

उन्हाळ्याच्या चाऱ्यासाठी सुदान ज्वारी पेरली होती. बी घेताना पाणी, खत, कीड सगळं विचारलं. "ताता, बी घेताय की जावई?" म्हणून दुकानदार हसला होता. इकडे तमिळनाडूत आजोबांना ताता म्हणतात.

एक कापणी झाली आणि पाणी आटलं. नवे फुटवे वीतभरच वाढून थांबले. काल शेजारच्या सेल्वीच्या शेळ्या त्यात शिरत होत्या, मी काठी घेऊन धावलो.

आमच्या घरी प्रत्येक कापणीची पहिली मूठ गाईची. लक्ष्मी पेंढ्याला तोंड लावीना, म्हणून आज मूठ कसली, कवळाभर फुटवे घातले. पाण्याची बादली भरून आणेपर्यंत ती कोसळली होती.

जवळच्या स्वामीमलै गावाहून गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "अय्या, पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं. कमरेएवढी होईपर्यंत घालू नये."

दुपारी सेल्वी पाया पडली. "ताता, तुम्ही हाकललंत म्हणून माझ्या शेळ्या वाचल्या."

मी तिला उठवलं. मी तर माझा चारा वाचवत होतो.

वासरू अजून हंबरतंय. एवढं विचारणारा मी, हेच विचारायचं राहिलं. तुमच्यापैकी कुणाला हे ठाऊक होतं का?